मदत हवी आहे: जुन्या भूमिगत खाणीवरच्या घरांचा धोका क्यूजीआयएसमध्ये (नकाशांचं सॉफ्टवेअर) कसा मांडायचा?

नमस्कार मंडळी,

ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्घुसच्या (जि. चंद्रपूर) अमराई वॉर्डात एक अख्खं घर जमिनीत गेलं, आठवत असेल. खाली जुनी भूमिगत कोळसा खाण होती. त्याच पट्ट्यातल्या एका वस्तीचा घरवार धोक्याचा नकाशा करतोय (एमटेकचा प्रबंध) आणि अडलोय.

पद्धत पोलंडच्या सिलेशियातली घेतली. तिथे क्नोथेच्या सूत्राने जमीन किती खचेल ते काढतात, त्यावरून उतार आणि आडवा स्ट्रेन (जमीन मीटरमागे किती ताणली किंवा दाबली जाते), मग जमिनीचे धोक्याप्रमाणे वर्ग. स्ट्रेन मीटरला १.५ मिमीपर्यंत असेल तर पहिला वर्ग, ९ मिमीच्या वर पाचवा. इमारतीची सहनशक्ती वेगळी ठरवून दोन्ही थर जुळवायचे. इथवर ठीक.

पण तिथे लाँगवॉल (लांब पट्ट्यातला सगळा कोळसा काढायची पद्धत), खोली शेकडो मीटर. आपल्याकडे मध्ये कोळशाचे पिलर (खांब) सोडून काढलेला कोळसा, तोही काही ठिकाणी जेमतेम ३० मीटरवर. सूत्रातली प्रभाव-त्रिज्या (खचण्याचा परिणाम किती अंतरापर्यंत पोचतो ते) खोलीच्या साधारण निम्मी, म्हणजे १५ मीटर. एका घराचं अंगण! शिवाय इथली जमीन हळूहळू खचत नाही. वर्षानुवर्षं गप्प असते आणि एक दिवस भगदाड पडतं. परिणामी माझ्या नकाशात सगळी वस्ती हिरवीगार, म्हणजे सुरक्षित.

गाइड म्हणतात एएचपीने (घटकांची जोडीजोडीने तुलना करून महत्त्व ठरवायची पद्धत) भारांक द्या. मला तो अंदाजपंचे कारभार वाटतो. दुसरा मार्ग आहे का? आणि काळ्या मातीमुळे पडलेल्या भेगा वेगळ्या कशा काढायच्या?

प्रतिसाद: जुना_सर्व्हेअर

खचण्याचं सूत्र सोडा, पोकळी वर कुठवर चढेल ते बघा. पडलेला दगड फुगून पोकळी भरतो. गॅलरी (खाणीतला बोगदा) ३ मीटर उंच आणि फुगवटा ३० टक्के धरला तर पडझड १० मीटरवर थांबते. १० टक्केच धरला तर ३० मीटर, म्हणजे थेट तुमच्या घराखाली. खाली पाणी वाहत असेल तर याहून वाईट. हा हिशोब गॅलऱ्या एकमेकींना छेदतात त्या प्रत्येक चौकासाठी करा, कारण छत तिथेच जास्त उघडं असतं.

आधी खाणीचा प्लॅन नीट बसवा. त्याची ग्रिड (मोजमापाची चौकट) स्थानिक असते. इंक्लाईनचं (खाणीत उतरणारा तिरका बोगदा) तोंड, हवेचं चानक (उभी विहीर) असे अजून शाबूत असलेले बिंदू जीपीएसने घ्या आणि यूटीएम या नकाशा-पद्धतीच्या ४४एन झोनमध्ये आणा. जितकी चूक येईल तितका बफर (जादा पट्टा) गॅलरीभोवती ठेवा.

भेगा उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात मोजा. काळ्या मातीच्या असतील तर ऋतूप्रमाणे उघडमीट होते. सेंटिनल उपग्रहाच्या रडारवर मात्र भिस्त ठेवू नका, एका झटक्यात पडणारं भगदाड त्यात आधी दिसत नाही.