सेकंड शिफ्टच्या आठवड्यात लेकीला गोष्ट कधी वाचून दाखवू?

चाकणचा_बाबा:
नमस्कार मंडळी. मी चाकणला कारखान्यात आहे, दर आठवड्याला शिफ्ट बदलते. लेक पाच वर्षांची, मोठ्या गटात. फर्स्ट शिफ्ट असली की रात्री जेवणं झाल्यावर मी तिला गोष्ट वाचून दाखवतो. ती माझ्या पोटावर डोकं टेकते आणि मध्येच थांबवते, "उंदीर एकटाच का गेला?" मग त्यावरूनच निघतं, की आज शाळेत तिला कुणी खेळायला घेतलं नाही. एरवी "शाळेत काय झालं?" विचारलं तर "काही नाही", संपलं.

सेकंड शिफ्टला घरी पोचतो तेव्हा ती गाढ झोपलेली असते. बायको वाचते, छानच वाचते, पण माझी आणि लेकीची ती बोलणी राहून जातात. शिफ्टवाले आईबाबा काय करतात?

बालवाडीच्या_बाई:
गोष्ट रात्रीच वाचावी असं थोडंच आहे? सेकंड शिफ्टला सकाळ तुमचीच असते. दूध पिता पिता एक छोटी गोष्ट होते. सकाळी मुलं ताजीतवानी असतात, प्रश्नही जास्त विचारतात. चित्रावर तिला बोट ठेवू द्या, पान तिलाच उलटू द्या. तीच गोष्ट पुन्हा मागितली तरी वाचा. पुढचं ठाऊक असलं की मुलं स्वतःच सांगायला लागतात.

नाइट_ड्यूटी_सिस्टर:
दादा, मी एकाच पुस्तकाच्या दोन प्रती घेते. एक घरी, एक माझ्या पिशवीत. ड्यूटीवर निघाले की बसमधून फोन लावते, मी वाचते आणि लेक तिकडे पान उलटतो. आधी आवाज रेकॉर्ड करून ठेवला होता, पण रेकॉर्डिंगला "का?" विचारता येत नाही. त्याने ते लगेच सोडलं.

चाकणचा_बाबा:
ताई, हे जमेल! आमची जेवणाची सुट्टी तिच्या झोपेआधीच होते, कॅन्टीनमध्ये फोन चालतो. सकाळचंही उद्यापासून. फक्त प्रत्येक पुस्तक दोनदा घेणं परवडायचं नाही.

बालवाडीच्या_बाई:
प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी चित्रगोष्टी मोफत आहेत, छापून घ्यायलाही परवानगी आहे. तिच्यासाठी पहिल्या-दुसऱ्या पातळीच्या निवडा. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतंय, जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर आहेत. ते थोड्या मोठ्या मुलांसाठी, पण त्यातल्या कविता आत्ताही चालतील. घरची प्रत रंगीत काढा, डब्याच्या पिशवीतली काळीपांढरी चालेल.