बालवाडी शिक्षिका व्हायचंय: कोणता कोर्स करू, आणि त्यात काय शिकवलं जायला हवं?

निशिगंध

नमस्कार. बारावी कला शाखेतून ५४ टक्क्यांनी पूर्ण झाली आहे. राहायला तासगाव तालुक्यातल्या एका गावात. तीन ते सहा वयाच्या मुलांसोबत काम करायचं हे पक्कं आहे, पण शिक्षण कुठून घ्यायचं यावर प्रत्येक जण वेगळं सांगतो. एका खासगी संस्थेचा सहा महिन्यांचा एनटीटी, म्हणजे नर्सरी शिक्षिकेचा कोर्स, आहे, वर्ग फक्त शनिवार-रविवार. दुसरा पर्याय दोन वर्षांच्या पदविकेचा. घरचे म्हणतात अंगणवाडीची जाहिरात निघेल तेव्हा अर्ज भर, कोर्सची गरजच नाही.

यातलं कुठे काय चालतं? पैसे भरण्याआधी संस्थेत काय तपासायचं? आणि प्रवेश होईपर्यंत घरी कशाचा सराव करता येईल? मुलांकडून नुसतं पाठ करून घेणारी शिक्षिका व्हायचं नाही. मुलं शिकतात कशी, ते समजून काम करायचंय.

फळाखडू

निशिगंधताई, आधी नोकरी कुठे करायची ते ठरवा. कोर्स त्यावरून ठरतो.

अंगणवाडी सेविका व्हायचं तर घरचे म्हणतात ते बरोबर आहे. महाराष्ट्रात किमान शिक्षण बारावी आणि उमेदवार त्याच गावची रहिवासी, या मुख्य अटी. एनटीटी ही अट नाही. मात्र त्या गावात पद रिकामं व्हावं लागतं, आणि लग्नानंतर गाव बदललं की रहिवासाचा दाखला नव्या गावचा लागतो. शिवाय सेविकेला मिळतं ते मानधन, वेतनश्रेणी नाही. कामही फक्त शिकवण्याचं नसतं: पूरक आहार, वजन-उंचीच्या नोंदी, लसीकरणासाठी मुलं जमवणं, गरोदर मातांच्या गृहभेटी. १९७५ साली एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली तेव्हापासून शाळापूर्व शिक्षण हा तिच्या सहा सेवांपैकी एक भाग आहे. ते मान्य असेल तर अर्ज जरूर भरा.

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिक्षक व्हायचं असेल तर डीएलएड, म्हणजे प्राथमिक शिक्षकाची पदविका, आणि त्यानंतर टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. तिथे एनटीटी धरली जात नाही. प्रवेश घेताना बऱ्याच मुलींना हे कुणी सांगत नाही आणि सहा महिने, पैसे दोन्ही जातात.

खासगी बालवाडीत किंवा इंग्रजी शाळेच्या नर्सरी-केजी विभागात जायचं असेल तर राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या, म्हणजे एनसीटीईच्या, नियमांतली शाळापूर्व शिक्षणाची पदविका डीपीएसई आहे: दोन वर्षांची, बारावीला ५० टक्के हवेत. तुम्ही त्यात बसता. संस्थेला या पदविकेसाठी मान्यता मिळाल्याचा आदेश मागा. "आमची संस्था नोंदणीकृत आहे" याचा अर्थ बहुतेक वेळा न्यास किंवा कंपनी नोंदलेली आहे एवढाच असतो, कोर्स मान्य आहे असा नाही. दोन वर्षं रोज जाणं शक्य नसेल तर इग्नू या मुक्त विद्यापीठाची बालसंगोपन व शिक्षणाची पदविका पाहा. दूरशिक्षणाने, बारावीनंतर, कमीत कमी एका वर्षात होते आणि तिच्यात प्रत्यक्ष मुलांसोबतचं प्रकल्पकामही असतं. माध्यम कोणतं मिळेल ते प्रवेशाआधी अभ्यासकेंद्रावर विचारून घ्या.

आणखी एक. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहा महिन्यांच्या प्रमाणपत्राचा उल्लेख आहे, पण तो बारावी किंवा जास्त शिकलेल्या, आधीच काम करत असलेल्या अंगणवाडी सेविकांसाठी. त्याहून कमी शिक्षण असलेल्यांसाठी एक वर्षाची पदविका म्हटली आहे. कुणी धोरणाचं नाव पुढे करून तुम्हाला सहा महिन्यांचा कोर्स विकत असेल तर हा फरक लक्षात ठेवा.

किलबिल

कागदांचं वर आलंच आहे. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे: कोर्समध्ये मुलांसमोर किती तास उभं राहायला मिळतं, आणि तेव्हा मागे बसून कोण पाहतं? शनिवार-रविवारी बालवाड्या बंद असतात. मग त्या एनटीटीच्या विद्यार्थिनी मुलं कधी बघतात, हा पहिला प्रश्न संस्थेला विचारा. "एकमेकींना मुलं समजून पाठ घेतो" असं उत्तर आलं तर तिथून निघा. मोठी माणसं गोलात गप्प बसतात, सांगितलेलं पहिल्याच वेळी ऐकतात, कुणाला मध्येच शू लागत नाही. तिथे बसवलेला पाठ खऱ्या वर्गात पाच मिनिटांत कोलमडतो, कारण त्यात वाट पाहण्याचा वेळ धरलेलाच नसतो.

मागच्या वर्षीच्या एखाद्या मुलीची पाठवही बघायला मागा. त्यात नुसता "छान" असा शेरा आणि सही असेल तर मार्गदर्शन झालेलं नाही. "सूचना चार होत्या, मुलांनी पहिल्या दोनच केल्या, एका वेळी एकच द्या" असा शेरा असेल तर ती संस्था धरा. अंतर जास्त पडलं, फी थोडी जास्त असली तरी.

सरावाची बालवाडीही पाहून या. २०१३ च्या बालसंगोपन व शिक्षणाच्या राष्ट्रीय धोरणाबरोबरच्या मानकांत ३० मुलांसाठी किमान ३५ चौरस मीटरची खोली, बाहेर ३० चौरस मीटर मोकळी जागा आणि तीन ते सहा वयासाठी २० मुलांमागे एक मोठं माणूस असं दिलं आहे. एका खोलीत पन्नास मुलं बाकांवर कोंबलेली असतील तर तिथे तुम्ही शांत बसवायला शिकाल, शिकवायला नाही.

अभ्यासक्रम २०२२ च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय आराखड्याशी ताडून बघा. तो तीन ते आठ वर्षं हा एकच टप्पा मानतो, खेळ मध्यभागी ठेवतो आणि शिकवण्याची भाषा घरची असावी म्हणतो. कोर्सच्या यादीत बालविकास, भाषा, गणितपूर्व अनुभव, आरोग्य-पोषण आणि विशेष गरजा असलेली मुलं यांतलं काही गाळून त्या जागी "फोनिक्स" (इंग्रजी अक्षरांचे उच्चार) आणि "बोर्ड डेकोरेशन" भरलेलं असेल तर सावध व्हा. घशात काही अडकलं तर काय करायचं याचं बाहुलीवर प्रात्यक्षिक आणि मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याने आपल्यावर येणारी जबाबदारी, या दोन गोष्टी असायलाच हव्यात. अत्याचाराची शंका आली तर कळवणं त्या कायद्याच्या कलम १९ प्रमाणे बंधनकारक आहे. "मुख्याध्यापकांना सांगितलं" एवढ्यावर ते संपत नाही.

साहित्यसंचाचे वेगळे पैसे मागत असतील तर देऊ नका. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या आणि १९५७ पासून ते काम कोसबाडला चाललं. मुलं आदिवासी पाड्यांवरची होती. माँटेसरी साधनांमागचं तत्त्व ठेवून तिथे शंख, शिंपले, बिया, पानं, माती वापरली गेली. बालशिक्षणाची इतकी मोठी परंपरा आपल्याच मातीत असताना प्लास्टिकच्या पेटीशिवाय बालवाडी चालत नाही असं कुणी सांगत असेल, तर त्याला विषयच कळलेला नाही.

अंगतपंगत

घरी काय करता येईल याबद्दल. सुरुवात निरीक्षणापासून करा. पैसे लागत नाहीत आणि बहुतेक कोर्सेसमध्ये तेच कच्चं राहतं. शेजारपाजारचं किंवा नात्यातलं तीन ते पाच वयाचं एक मूल निवडा, घरच्यांना विचारा, आणि खेळत असताना दहा मिनिटं बाजूला बसून जे दिसतं ऐकू येतं तेवढंच लिहा. "हट्टी आहे, लक्ष देत नाही" हा निकाल झाला. "तीन डबे एकात एक घातले. चौथा बसेना. उलटा करून पाहिला, टाकून दिला, पुन्हा उचलला" ही नोंद झाली. पहिल्या वाक्यावरून पुढे काही करता येत नाही. दुसऱ्यावरून कळतं की मूल आकारांचा क्रम लावायला निघालंय आणि त्याला पाच डब्यांचा संच द्यायला हवा. पुढे वर्गात रोज दोन मुलांची अशी नोंद ठेवली तर २० मुलांचा वर्ग दोन आठवड्यांत एकदा फिरून होतो. पालकसभेत बोलायला तीच वही उपयोगी पडते.

मग लिहिण्याआधीचा प्रवास समजून घ्या, कारण पालकांशी सगळ्यात जास्त वाद यावरच होतो. तीन वर्षांच्या मुलाच्या मनगटातली हाडं अजून पुरती घडलेली नसतात. बळ खांद्यातून आणि कोपरातून येतं. म्हणून आधी जमिनीवर खडूने मोठ्या रेघा, मग माती-कणीक मळणं, कागद फाडणं, चिमटीने बिया उचलणं, ओवणं. साधारण तीनला गोल जमतो, चारला अधिकचं चिन्ह, पाचच्या आसपास चौकोन, त्रिकोण त्याहून उशिरा. तिरकी रेघ पक्की व्हायच्या आत ठिपके जोडून अक्षरं गिरवायला दिली की मूल पेन्सिल मुठीत आवळतं, दाबून लिहितं, हात दुखतो म्हणून टाळतं. ती पकड पुढे सुटता सुटत नाही. अक्षरांची वेळ आली की अ-आ-इ च्या क्रमाने जायची गरज नाही. ग, म, भ, न ही जवळच्या वळणांची अक्षरं आधी घेतली तर "मन", "मग", "नग" असे शब्द लगेच वाचता येतात आणि मुलाला वाचण्याचं कारण सापडतं. त्याही आधी कानाचे खेळ: कमळ, कप, कणीस कशाने सुरू होतात? यात पाटी लागत नाही.

आकड्यांचंही तसंच. शंभरापर्यंत घडाघडा म्हणणाऱ्या मुलासमोर सात चिंचोके ठेवा, मोजायला सांगा, मग विचारा, "एकूण किती?" ते पुन्हा एकपासून मोजू लागलं तर शेवटी उच्चारलेला आकडा म्हणजे सगळे मिळून, हे अजून पोहोचलेलं नाही. त्याला पुढचे आकडे नकोत. पाचाच्या आतल्या वस्तू वाटून घेण्याचे, जोड्या लावण्याचे खेळ हवेत. हो, चिंचोके तीन वर्षांच्या पुढच्याच मुलांना, तेही समोर बसून. तीनच्या आतल्या मुलांना तीन सेंटिमीटरपेक्षा छोटी वस्तू देऊच नये.

खेळायच्या कणकेचं प्रमाण लिहून ठेवा: मैदा दोन वाट्या, बारीक मीठ एक वाटी, तेल दोन चमचे, पाणी पाऊण वाटीपासून सुरू करून लागेल तसं. रंगाला हळद किंवा बिटाचा रस, पण हळदीचे डाग निघत नाहीत हे घरी आधी कळवा. मीठ कमी केलं तर दोन दिवसांत वास येतो. पावसाळ्यात तेच मीठ हवेतलं पाणी ओढून कणीक चिकट करतं, तेव्हा मूठभर मैदा घालून पुन्हा मळा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

निशिगंध

खूप आभार सगळ्यांचे. एनटीटीचा विचार सोडला, डीपीएसईची चौकशी करते. एक शेवटचं: काही शाळा मदतनीस-शिक्षिका म्हणून घेण्याआधी वीस मिनिटांचा नमुना पाठ घ्यायला लावतात. त्यात काय पाहतात? आणि तीन तासांचा दिवस आखायला सांगितला तर?

फळाखडू

दिवसाचं आधी. सकाळी नऊ ते बारा धरा. पहिला अर्धा तास स्वागत आणि मुक्त खेळ, कारण मुलं एकदम येत नाहीत आणि रडणाऱ्यांना स्थिरावायला वेळ लागतो. मग १५ मिनिटं गोलातल्या गप्पा, ४० मिनिटं कोपऱ्यांतलं काम (वेगवेगळ्या कोपऱ्यांत मांडलेल्या साहित्याशी छोट्या गटांनी खेळणं), ३० मिनिटं हात धुणं आणि डबा, ३० मिनिटं मैदान, २० मिनिटं गोष्ट, उरलेली १५ आवराआवर आणि निरोप. बसून करायच्या दोन गोष्टी लागोपाठ ठेवू नका. हात धुवायला २५ मुलांची रांग लावली की ढकलाढकली ठरलेली. पाच-पाच जणांना पाठवा, बाकीच्यांचं तोवर गाणं चालू राहू द्या.

नमुना पाठात बहुतेक उमेदवार फार साहित्य नेतात. तक्ता, मुखवटे, बाहुली, फ्लॅशकार्ड, सगळं एकाच वेळी बाहेर काढतात आणि मुलं साहित्यावर झेपावतात. एकच वस्तू न्या, पिशवीत झाकून. समजा भोपळा. हात घालून स्पर्शाने ओळखणं, जड की हलका, घरी त्याचं काय करतात, मग म्हातारीची गोष्ट. "कळलं का सगळ्यांना?" असं विचारू नका, सगळी "हो" म्हणतात. "म्हातारी भोपळ्यात का बसली असेल?" असं विचारा आणि मनात पाचपर्यंत मोजून थांबा. मूल बोलायला तेवढा वेळ घेतं, आणि पाहणाऱ्याला तुमचं थांबणं लगेच दिसतं. बसताना मुलांच्या उंचीला या, खुर्ची घेऊ नका. एखादं मूल उठून खिडकीशी गेलं तर पाठ थांबवून त्याला ओरडू नका. गोष्ट चालू ठेवून त्याच्याजवळ जा, भोपळा त्याच्या हातात द्या आणि त्याला घेऊन परत या. शेवटची तीन मिनिटं राखून ठेवा आणि जागा मुलांकडूनच आवरून घ्या. घाईत ती आपण आवरायला लागतो, आणि परीक्षक नेमकं तेव्हा मुलं काय करताहेत ते बघत असतात.