दहिवडीजवळच्या घरासाठी कमी पाण्यावर जगणारी झाडं सुचवा

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. माण तालुक्यात, दहिवडीजवळ आईवडिलांसाठी घर बांधलंय. मागे दीडेक गुंठा जागा मोकळी आहे. वीतभर मातीखाली नुसता मुरूम, वर्षाला पाऊस जेमतेम ५०० मिमी आणि मार्चनंतर बोअर गुळण्या टाकतो.

पश्चिमेची भिंत दुपारनंतर तव्यासारखी तापते, तिथे दाट सावली हवी. बहावा मला फार आवडतो, पण ऐन एप्रिल-मेमध्ये तो पानं झाडून फुलतो, म्हणजे गरजेच्या वेळीच सावली नाही. कडुनिंब की करंज, इथे अडकलोय. दोघांनाही उन्हाळ्याच्या तोंडावर नवी पालवी येते. भिंतीपासून किती फूट लांब लावावं? संडासाची टाकी त्याच बाजूला आहे, मुळांची धास्ती वाटते.

खाण्यासाठी सीताफळ आणि शेवगा नक्की. बोर आईला हवी, वडिलांना काट्यांमुळे नको!

पहिले दोन उन्हाळे तरी रोपाशेजारी मडकं पुरून पाणी झिरपवायचा विचार आहे. कोणी असं केलंय का? केवढं मडकं पुरलं? आणि मुरमाच्या खड्ड्यात शेणखताबरोबर काय भरलंत? पावसाआधी खड्डे घ्यायचेत, त्यामुळे जरा लवकर सांगा.