बेघर लोकांसाठी एक दिवसाचं फुकट शिबिर ठेवायलोय, सोलापूरकरांनो जरा सांगा की

शेंगाचटणी४१३
नमस्कार मंडळी. आम्ही आठ-नऊ जण आहोत, कॉलेजचे जुने दोस्त, कोण बँकेत कोण दुकानात. डिसेंबरात एक दिवस स्टेशन, एसटी स्टँड अन् सिद्धेश्वर मंदिराच्या आसपास झोपणाऱ्या लोकांसाठी शिबिर करावं म्हणतोय. कटिंग-दाढी, आंघोळ, डॉक्टर तपासणी, कपडे, जेवण अन् जमलं तर आधार कार्ड. चाळीस हजारापर्यंत गोळा झालेत. पण मागं एका ग्रुपनं असंच ठेवलं होतं, मी वाढायला होतो, दोनशे ताटं संपली पण खरे रस्त्यावर राहणारे पंधरा-वीसच असतील, बाकी रिक्षावाले अन् आजूबाजूचे लोक. तसं परत नको व्हायला. कुठला वार धरू, कुठं ठेवू अन् लोक यायचे कसे ते सांगा. ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी जास्त बोला.

बुधवारपेठेचा
चांगलं काम. वार आधी ठरव बाबा. गुरुवारी ठेवशील तर मागून खाणारे अर्धे लोक सकाळच्याच गाडीनं अक्कलकोटला गेलेले असतात, स्वामींच्या दर्शनाला गर्दी असती ना. मंगळवार, शुक्रवार अन् पौर्णिमा तुळजापूर. एकादशीला पंढरपूर. त्यांचं पण कॅलेंडर असतंय, आपण बघत नाही एवढंच. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्डा जत्रा लागली की तर विचारूच नको, सगळे होम मैदानाकडं. बुधवार धर, तसली गर्दी नसती.

आणि सगळेच मागून खातात असं समजू नको. स्टँडवर झोपणाऱ्यातले कितीतरी मार्केट यार्डात हमालीला जातात, डिसेंबर म्हणजे कांद्याचा सीझन, आवक तुफान. काही जण लग्नात भांडी घासायला, वाढायला जातात, म्हणून पंचांगात मुहूर्त पण बघून घे. कचरा वेचणारे पहाटे चारला निघतात ते अकरापर्यंत येत नाहीत. सकाळी नऊ ते बारा ठेवशील तर तुला तुझे रिक्षावालेच भेटणार परत. दुपारी एक ते सहा ठेव.

मागधारी
मी सांगतो, मी झोपलोय स्टँडवर. २०२० ला लॉकडाऊनमध्ये माग बंद पडला, घरात भांडण झालं, निघालो, सात महिने. आता ठीक आहे, भाड्याची खोली आहे.

लोक का येत नाहीत माहितीय का? गाठोड्यामुळं. त्याच्यात सगळं असतंय, चादर, पातेलं, एखादं कार्ड, बायकोचा फोटो. मी एकदा असल्याच शिबिरात आंघोळीला गेलो, पिशवी भिंतीला टेकवून, बाहेर आलो तर पिशवी नाही. मतदान कार्ड त्यातच होतं. शिबिर ठेवणारे म्हणाले आम्ही काय करणार, एवढी गर्दी. त्यानंतर मी कुठल्याच शिबिराला गेलो नाही, लांबूनच बघायचो. तर भावा, पहिलं काम सामानाची खोली कर. प्रत्येकाला एक पोतं, त्याच्यात सगळं टाकायचं, तोंड बांधायचं, पोत्यावर नंबर अन् तोच नंबर त्याच्या हातात. आणि तिथं एक माणूस दिवसभर बसव जो दुसरं काही करणार नाही, जेवायला पण उठणार नाही. हे केलं तर निम्मी लढाई जिंकलास.

दुसरं, फोटो काढू नका. एका पोराच्या वाढदिवसाला मला केक भरवला होता, मी भुकेला होतो, खाल्ला. तो फोटो स्टेटसवर फिरत फिरत माझ्या भावाच्या सासुरवाडीत पोचला. पुढं काय लिहू.

तिसरं, ब्लँकेट वाटू नका. डिसेंबरात सगळेच वाटतात, तीन-तीन होतात, उचलून कुठं नेणार, दोन विकावी लागतात मग लोक म्हणतात दारूला विकली. नवी चड्डी-बनियन द्या अन् पायाच्या मापाची चप्पल द्या. जुन्या कपड्यात चड्डी कुणी देत नाही अन् दिली तर घालवत नाही.

कोपऱ्यातला
सगळं बरोबर आहे पण हे लोक सुधारत नाहीत हो, अनुभव आहे. निम्मे दारूडे. एक दिवस अंघोळ घालून काय होणार?

मागधारी
@कोपऱ्यातला एक दिवस अंघोळ होणार. तुम्ही रोज करता तेव्हा कुणी विचारतंय का काय होणार म्हणून.

सिस्टर_काकू
तीस वर्षं नर्सिंग केलंय, आता रिटायर. मेडिकलबद्दल बोलते.

बीपी-शुगर मोजायचं टेबल सगळे मांडतात कारण सोपं असतं. आकडा सांगून काय उपयोग, गोळी रोज कोण देणार? त्यापेक्षा पाय बघा. चपला काढायला लावा, पाय कोमट पाण्यात ठेवा, मग बघा. भेगा, पिकलेली नखं, शुगरवाल्यांच्या जखमा, कुष्ठरोगाच्या जुन्या जखमा ज्यांना दुखतच नाहीत म्हणून माणूस तसाच चालत राहतो. एकदा एका आजोबांच्या टाचेचं फडकं सोडलं तर आत अळ्या होत्या, ते म्हणाले खाजत होतं जरासं, एवढंच. म्हणून ड्रेसिंगचं सामान गोळ्यांपेक्षा जास्त घ्या. कुष्ठरोगाचा औषधोपचार सरकारीत पूर्ण फुकट आहे, बधिर पायांसाठी मऊ रबराच्या खास चपला पण असतात, त्यांची यादी वेगळी करा.

खोकला दोन आठवड्यांच्या वर असेल तर थुंकी तपासायला पाठवा. टीबी निघाला तर औषध फुकट आणि उपचार चालू असेपर्यंत महिन्याला १००० रुपये पोषणाचे खात्यात येतात, २०२४ च्या नोव्हेंबरच्या आधी ५०० होते. आता खातंच नाही तर पैसे कुठं येणार, म्हणून तुमच्या कागदाच्या टेबलाशी हे जोडून घ्या.

खरूज भरपूर निघणार. औषध लावून जुनेच कपडे घातले तर परत होते, म्हणून औषधाच्या दिवशीच नवे कपडे द्यायचे अन् चादर उकळत्या पाण्यातून काढायची. क्रम असा ठेवा, आधी कटिंग, मग आंघोळ, मग ड्रेसिंग आणि औषध, मग कपडे. उलटं केलंत तर ओलं ड्रेसिंग घेऊन माणूस परत जातो. न्हाव्याला सांगा प्रत्येकाला नवीन ब्लेड. एका डोक्याला वीस मिनिटं धरा, गुंता झालेल्या डोक्याला जास्तच, त्यामुळं दोन न्हाव्यांनी भागणार नाही, चार तरी हवेत.

आणि कुणी स्वतःशीच बोलत असेल, भांबावलेला असेल तर त्याला रांगेत ढकलू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात असं रस्त्यावर फिरणाऱ्या आजारी माणसाला पोलिसांनी संरक्षणात घेऊन चोवीस तासांत सरकारी दवाखान्यात दाखवायचं असं आहे, कोठडीत ठेवायचं नाही. बेघराला तो उपचार फुकट मिळायला पाहिजे हे पण त्यातच आहे. आधी पोलीस स्टेशनला जाऊन बोलून ठेवा, ऐनवेळी नको.

सेतूवाला_पोरगा
आधारबद्दल. "नवीन आधार काढू" असं बोर्डावर लिहू नका प्लीज. बऱ्याच जणांचं आधी काढलेलं असतंय, हरवलेलं असतंय. नवीन भरलं की डुप्लिकेट म्हणून रिजेक्ट होतंय अन् माणूस महिनाभर वाट बघत बसतो. आधार केंद्रावर ठशावरून जुना नंबर शोधायचा. विडी वळणाऱ्या, मागावरच्या लोकांची बोटं झिजलेली असतात, मशीन घेत नाही, डोळे स्कॅन करायला सांगायचं. ज्याचं खरंच कधी काढलेलं नाही त्याचं नवीन फुकट होतंय, पत्ता लागतो तिथं नगरसेवक, आमदार किंवा गॅझेटेड ऑफिसरचा ठराविक नमुन्यातला दाखला चालतो, तो आधीच सही करून आणावा लागतो, शिबिराच्या दिवशी साहेब भेटत नाहीत.

मतदान कार्ड तर त्याहून सोपं. बेघराला पत्त्याचा पुरावा लागतच नाही. नव्या मतदाराचा फॉर्म ६ भरायचा अन् झोपायची जागा लिहायची, बीएलओ म्हणजे मतदार यादीचं काम बघणारा माणूस रात्री येऊन बघतो की माणूस खरंच तिथं झोपतो का, एकापेक्षा जास्त रात्री. @मागधारी तुमचं नाव यादीत असणार, गेलेल्या कार्डाच्या बदल्यात दुसरं मिळालं असतं, कुणी सांगितलं नसणार.

संजय गांधी निराधारचे महिन्याला १५०० एका दिवसात होणार नाहीत, १५ वर्षं महाराष्ट्रात राहतो ते दाखवावं लागतंय, उत्पन्नाचा दाखला लागतोय. त्या दिवशी फक्त वहीत नाव लिहा अन् पुढचे तीन बुधवार एकानं त्याच जागेवर दोन तास बसा. बसणार असाल तरच लिहा.

बुधवारपेठेचा
आणि रात्री कुठं झोपणार ते पण विचार महापालिकेत. २०१० ला सुप्रीम कोर्टानं सांगितलंय, मोठ्या शहरात दर लाख लोकसंख्येमागं एक चोवीस तास चालणारा निवारा. २०११ च्या जनगणनेला आपण साडेनऊ लाख होतो, हिशेब तूच कर. अर्ज दे, पोच घे.

शेंगाचटणी४१३
बाप रे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. बुधवार फिक्स, दुपारी एकपासून. सामानाच्या खोलीत माझा मोठा भाऊ बसतो म्हणाला, त्याला तसंही बसायलाच आवडतंय. फोटो बंद, बॅनर पण नाही. पण जेवण शेवटी ठेवायचं म्हणतोय म्हणजे लोक थांबतील, बरोबर ना?

मागधारी
नाही. जेवणासाठी अडवून ठेवायचं नाही कुणाला. आल्या आल्या चहा अन् पाव दे. भुकेल्या माणसाला कटिंगच्या रांगेत बसवलं तर तो वीस मिनिटांत उठून जातो, मी गेलोय.

सिस्टर_काकू
बायकांचं काय ठरवलंत? कापडाच्या आडोशाला बायका आंघोळ करत नाहीत. कडी लागणारं दार पाहिजे, एखादी शाळा किंवा मंगल कार्यालय बघा, पहिले दोन तास फक्त बायका अन् लेकरं. पॅड्स ठेवा. लेकरू धरायला बाई पाहिजे, आईच्या नजरेसमोर. मी येते.

शेंगाचटणी४१३
काकू, मंगल कार्यालय एका दोस्ताच्या मामाचं आहे, बोलतो आज. पाण्याचं टेन्शन आहे, आपल्याकडं नळाला रोज येतंय कुठं, दोन टँकर सांगावे लागणार.

बुधवारपेठेचा
टँकर तू बघ. टॉवेल मी देतो. एमआयडीसीत ओळख आहे, सेकंडचा माल असतो, एखादा धागा सुटलेला, बाकी एक नंबर. सोलापुरात टॉवेल कमी पडला तर लाज वाटायला पाहिजे. किती नग सांग.

शेंगाचटणी४१३
साठ.

मागधारी
शंभर सांग. टॉवेल परत मागायचा नसतो.