माणसं घटली म्हणून कोकणाचे आमदारही घटावेत का?

देवगडकर
मतदारसंघांच्या 2008 च्या पुनर्रचनेत संगमेश्वर आणि मालवण हे विधानसभा मतदारसंघ नकाशावरून गेले. लोकसभेचं राजापूरही गेलं. पुढे 2011 च्या जनगणनेत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग, दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या आधीपेक्षा कमी भरली. सिंधुदुर्गात तर साडेआठ लाखही नाहीत. पुढची पुनर्रचना डोकी मोजूनच होणार, म्हणजे आणखी जागा जाणार. इथला माणूस हौसेने मुंबईला गेला नाही, पोटासाठी गेला. वाड्या एकमेकींपासून कोसभर लांब, मध्ये खाडी नाहीतर सडा, म्हणजे कातळाचं उघडं पठार. तिथे एकाच आमदाराने पोचायचं कुठे कुठे? मतदारसंघ ठरवताना क्षेत्रफळ आणि दुर्गमपणालाही वजन हवं.

पनवेलवासी
साफ नामंजूर. सड्याला मत नसतं, माणसाला असतं. 2024 ला पनवेलमध्ये सहा लाखांवर मतदार होते, कुडाळला सव्वादोन लाखांच्या आसपास. दोघांना आमदार एकेकच. म्हणजे माझं मत आजच कुडाळकराच्या मताच्या जवळपास तिसऱ्या हिश्श्याचं आहे, आणि तुम्हाला अजून वजन हवंय! 25 नोव्हेंबर 1949 ला संविधान सभेत बाबासाहेबांनी एक व्यक्ती, एक मत, एक मूल्य हे तत्त्व मांडलं होतं. पनवेलही कोकणातच आहे, हेही जरा लक्षात असू द्या.

देवगडकर
पनवेलच्या त्या सहा लाखांत आमचे चाकरमानी किती, ते बघा की. 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे गावात नुसतं घर आहे म्हणून मतदार यादीत नाव लागत नाही. घरपट्टी भरायची, देवळाच्या जीर्णोद्धाराला वर्गणी द्यायची, आणि मोजणी मात्र दुसरीकडे.

पनवेलवासी
बरोबरच आहे ते. मे महिन्यात विहीर आटते तेव्हा हंडा कोण उचलतं? जो तिथे राहतो तोच. मग मतही त्याचंच.

रापणकार, मालवण
तुम्ही दोघं हद्दीतच अडकलात. आमचे मतदारसंघ समुद्रापासून पार सह्याद्रीपर्यंत आडवे पसरलेले, आणि आम्ही मच्छीमार राहतो किनाऱ्याच्या चिंचोळ्या पट्टीत. त्यामुळे प्रत्येक ठिकाणी आम्ही थोडेच. माशांचा अख्खा थवा घेरणाऱ्या पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध घालणारा आदेश फेब्रुवारी 2016 मध्ये निघाला, रात्री प्रखर दिवे लावून केलेल्या एलईडी मासेमारीवर केंद्राची बंदी 2017 मध्ये आली. कागद आहेत, पण रात्री समुद्रात लखलखाट दिसायचा तो दिसतोच. दांडीच्या किनाऱ्यावर रापण, म्हणजे काठावरून ओढायचं मोठं जाळं, ओढायला दोन्ही दोरांवर माणसं उभी राहतात, तास दीड तास ओढतात, आणि कित्येकदा हाती येतात टोपलीभर पेडवे. मत सगळ्यांचं एक, हे मला मान्य आहे. पण सभागृहात आमच्या बाजूने रोज कोण उभं राहणार?

गुहागरची एक बाई
2011 ला रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे 1122 बायका होत्या. तरी प्रचाराच्या व्यासपीठावर बघा, पहिली रांग पुरुषांची. स्थानिक संस्थांत आम्हाला निम्म्या जागा मिळाल्या, आणि फरक मी ग्रामपंचायतीत बघितला आहे. नळयोजनेचा विषय आला की बायका हिशेब मागतात, किती फूट पाइप, कुठल्या वाडीला आधी. पण मार्च 2022 मध्ये जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि नंतर वर्षानुवर्षं प्रशासकाचा कारभार चालला. जिथे आम्ही निम्म्या होतो तिथे कुणीच उरलं नाही. विधानसभा-लोकसभेतलं महिला आरक्षण 2023 ला मंजूर झालं, तेही जनगणनेला आणि पुनर्रचनेला बांधलेलं. आमदार किती यावर तुमचं भांडण चाललंय. आहे ती निवडणूक वेळेवर होत नाही यावर कुणी बोलेल का?

पनवेलवासी
ताई, तुमचं शंभर टक्के मान्य. प्रशासकापुढे पनवेलचं मत आणि कुडाळचं मत दोन्ही शून्य.

देवगडकर
मला हे पटतं, पण माझा मुद्दा त्याने मिटत नाही. विधानसभेच्या 288 जागा 1978 पासून तेवढ्याच आहेत आणि घटना 500 पर्यंत परवानगी देते. जागा वाढवा, पनवेलला दोन काय तीन आमदार द्या. पण त्यासाठी रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या आमच्या आठ आमदारांतला एकही कापू नका.

रापणकार, मालवण
वाढवा खुशाल. फक्त नवीन हद्दी आखताना एक तरी मतदारसंघ किनाऱ्याला धरून उभा आखा. देवगड ते वेंगुर्ला. मग बघू, पर्ससीनवाल्यांच्या दारात कोण जातो ते.