मदत हवी आहे: स्टारडमच्या लाल पट्ट्याच्या यादीत योशिकोची कारकीर्द कुठे संपवायची?

स्टारडम या जपानी महिला व्यावसायिक कुस्ती संस्थेच्या वर्ल्ड ऑफ स्टारडम या किताबाची (लाल पट्टा) मराठीत यादी करतोय. नानाए ताकाहाशी पहिली (2011), मग अल्फा फीमेल, इओ शिराई. इथपर्यंत सगळं सरळ आहे. अडलंय चौथ्या विजेतीपाशी.

योशिकोने 10 ऑगस्ट 2014 ला शिराईकडून पट्टा घेतला. 22 फेब्रुवारी 2015 ला टोकियोच्या कोराकुएन हॉलमधली अ‍ॅक्ट यासुकावाविरुद्धची लढत खऱ्या मारहाणीवर गेली आणि थांबवावी लागली. आधी निकाल टीकेओ (तांत्रिक नॉकआउट), म्हणजे योशिकोचा विजय असा होता, नंतर तो बदलून 'नो कॉन्टेस्ट', म्हणजे निकालच नाही, असा केला. 25 तारखेला किताब काढून घेतला. 29 मार्चला काइरी होजो जिंकली, ती पाचवी.

पहिला दिवस न धरता 25 पर्यंत मोजलं तर 199 दिवस येतात, 22 पर्यंत 196. मी 199 धरलेत, कारण तोवर पट्टा अधिकृतपणे तिचाच होता. मग किताब रिकामा राहिला 32 दिवस. तारखा सगळ्या जपानच्याच आहेत, त्यामुळे एका दिवसाचा घोळ नाही.

खरी अडचण 'यशस्वी बचाव' या रकान्याची आहे. बरोबरी झाली की पट्टा राखला म्हणून बचाव मोजतात, ते ठाऊक आहे. पण ही बरोबरी नव्हे, निकालच मागे घेतलाय. रकान्यात फक्त आकडा बसतो, तळटीपेला जागा नाही.

जपानी नोंदींच्या रिवाजाप्रमाणे 22 फेब्रुवारीची लढत बचावांत धरायची की वगळायची?