मदत हवी आहे: सातवीला आदिवासींचा इतिहास शिकवताना कुठून सुरुवात करावी?

खाडीकाठ: पेण तालुक्यातली शाळा, सातवीचा वर्ग. काही मुलं कातकरीवाडीवरची, काही ठाकर, बाकी आगरी-कुणबी. हाताशी चाळीस मिनिटांच्या दोन तासिका. 'कातोडी' हा शब्द गावात हिणवायला वापरतात, तो वर्गातही येतो. कोणते शब्द वापरावेत? शिवाय आदिवासी दिनासाठी पिसं लावून नाच बसवा, असाही आग्रह आहे.

रानवाट: नाच आधी रद्द करा. पिसांचे मुकुट ना कातकऱ्यांचे, ना ठाकरांचे. ती सिनेमाची देणगी.

जमात माहीत असेल तर तिचंच नाव घ्या: कातकरी, ठाकर, वारली. सगळ्यांना मिळून 'आदिवासी'. 'अनुसूचित जमाती' हा घटनेच्या कलम 342 मधला शब्द, दाखल्यापुरता ठीक. 'वनवासी'ला अनेक आदिवासी संघटनांचा विरोध आहे, तो नकोच. आपल्याकडे हमखास होणारा घोळ म्हणजे महादेव कोळी आणि सोनकोळी एकच समजणं. महादेव कोळी अनुसूचित जमातीत आहेत, सोनकोळी नाहीत.

'कातोडी'वर नुसती बंदी घालून भागणार नाही. सरकारी यादीत 'काथोडी' आहेच, एखादा चुणचुणीत पोरगा ते दाखवेल. वाडीवरचे लोक स्वतःला जे म्हणवतात तेच आपण म्हणायचं, एवढा नियम पुरे. कोणी टोमणा मारलाच तर मारणाऱ्याला तिथल्या तिथे थांबवा. त्या वेळी वाडीवरच्या मुलांकडे वळून बघू नका, अख्खा वर्ग बघतो.

इतिहास खैरापासून सुरू करा. खैराच्या गाभ्याचे तुकडे उकळून, पाणी आटवून कात पाडायचा, हा कातकऱ्यांचा धंदा. 1878 च्या वनकायद्याने जंगलं राखीव झाली, खैर तोडणं गुन्हा ठरला आणि माणसं कोळसाभट्टी, वीटभट्टीकडे ढकलली गेली. हे कारण सांगितलं नाही तर मुलं 'ते गरीबच असतात' एवढंच घेऊन घरी जातात. पुढे 25 सप्टेंबर 1930, उरण तालुक्यातल्या चिरनेरचा जंगल सत्याग्रह. गोळीबारात पडलेल्यांत नाग्या महादू कातकरी होते. शेवट जंगलात राहणाऱ्यांचे जमिनीवरचे हक्क मान्य करणाऱ्या 2006 च्या वनहक्क कायद्यावर करा, म्हणजे 'राहत असत, खात असत' ही भूतकाळी भाषा आपोआप सुटते.

भरतीओहोटी: तासिका सप्टेंबरातच उरका. दिवाळीनंतर बरीच कुटुंबं भट्टीवर जातात, मग ज्यांच्याबद्दल शिकवायचं तीच मुलं वर्गात नसतात. आणि 'तू सांग रे तुमच्याबद्दल' असं कोणालाही उभं करू नका. माहिती हवी तर वाडीवरच्या जाणत्या बाईला रीतसर बोलवा, मानधन द्या. विषय रानभाजीचा ठेवा: शेवळं नुसती शिजवली तर घसा खाजतो, म्हणून बाजारात त्यांच्याबरोबर काकडं, म्हणजे काकड झाडाची आंबट फळं, विकतात. ही माहिती कुणाची, हा प्रश्न मुलांना तिथेच विचारा.

खाडीकाठ: सप्टेंबरात शेवळं मिळतील?

भरतीओहोटी: नाही, ती पहिल्या पावसाची. जूनमध्येच फोटो काढून ठेवा.